शेऱ्याचा रकाना

आमच्या दवाखान्याच्या हाताखाली चार गावं येतात, आणि त्या चारही गावांत मिळून बायकांची नावं दहा-बाराच. ज्या देवीची जत्रा मोठी, तिचंच नाव घरोघर ठेवलेलं. व्हरांड्यात उभं राहून एक नाव पुकारलं की चौघी उठतात, आणि चौघीही माझाच नंबर म्हणून भांडतात. नवऱ्याच्या नावानं ओळखावं म्हटलं तर तिथंही तीच गत. मी इथं नर्स म्हणून आले तेव्हा पहिल्याच महिन्यात एकीची बीपीची गोळी दुसरीला दिली आणि डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या. मग मी माझी एक रीत काढली.

बीपी, शुगर, फिट असल्या कायमच्या आजारांचं रजिस्टर कसं असतं, तर नाव, घर नंबर, फोन, वय, आजार, गोळी, तारीख, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. बाकीचे लोक त्या रकान्यात ‘ठीक’ लिहून मोकळे होतात. मी तिथं माणसाला गाव ज्या नावानं ओळखतं ते लिहायला लागले. ‘गिरणीवाल्याची मधली सून.’ ‘कडुनिंबाखालचं घर, सासू तोंडाळ.’ ‘दोन बायकांचा, धाकटीकडं राहतो.’ पुढं पुढं त्यात कारणंही यायला लागली. ‘सोमवारी उपास, त्या दिवशी गोळी नाही.’ ‘गोळीनं सारखी लघवी लागते म्हणून ऊसतोडीला जाताना बंद करतो.’ बाकीचे रकाने कन्नडात नाही तर इंग्रजीत, पण शेरा मात्र मराठीत. कन्नड मी फडाफडा बोलते, तरी शाळा माझी भालकीकडची, मराठी. मनातलं लिहायचं म्हटलं की हात मराठीतच चालतो. तपासणीला येणारे साहेब सगळे खालच्या कन्नड मुलखातले, मराठी न येणारे. ते आकडे बघायचे, सही करायचे, चहा प्यायचे आणि जायचे. त्यामुळं तो रकाना माझ्या एकटीचा हाय असंच मी धरून चालले होते.

आता तिचं सांगते. ती गावातल्या शाळेत दुपारचा सैपाक करायची. आमच्याकडं त्याला बिसियूट म्हणतात, कन्नडातला शब्द हाय, गरम जेवण. शाळेत सैपाकाला दोघी होत्या. एक म्हातारी, साठी उलटलेली, ती भाज्या चिरायची आणि कुरकुर करायची. खरा सैपाक हिचाच. हिच्या हातच्या सांबाराचा वास सुटला की मास्तरांचं शिकवण्यातलं ध्यान जायचं, असं मास्तरच सांगायचे. वय चौतीस, दोन पोरी, नवरा हायवेला मन्नाएखेळ्ळीच्या स्टँडवर टेम्पो चालवणारा. माणूस बरा. सासूही वाईट नव्हे.

तिला सोळाव्या वर्षापासून फिट यायची. आईबापानं ते लपवून लग्न लावलं. आता याला फसवणूक म्हणा नाही तर काय म्हणायचं ते म्हणा, पण आमच्या भागात फेफरं येणाऱ्या पोरीला कोण करून घेतं? लग्नानंतर दोनदा फिट आली, दोन्ही वेळा ती शेतात एकटीच होती. घरी सांगितलं, चक्कर आली. तिसऱ्या वेळी आमच्या व्हरांड्यातच पडली. मी तिचं डोकं मांडीवर धरलं, तोंडाचा फेस पुसला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय केलं, तर दाराकडं बघितलं, कुणी बघतंय का म्हणून.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. रोज एक, खंड पडू द्यायचा नाही. पण गोळ्यांचं पाकीट घरी ठेवायचं कुठं? सासू डबे उलटेपालटे करणारी. शेवटी पाकीट माझ्या टेबलाच्या खणात राहिलं. शाळेतली भांडी घासून झाली की तीनच्या सुमाराला ती यायची, माठातलं पाणी घ्यायची, माझ्या पुढ्यात गोळी गिळायची. रविवारची गोळी शनिवारीच कागदात बांधून कमरेच्या पिशवीत न्यायची. आल्यावर जरा वेळ टेकायची. शाळेतल्या गमती, सासूचं काय, धाकटीच्या अभ्यासाचं काय, सगळं बोलायची. मला अक्का म्हणायची. सहा वर्षांत एकदाही चुकली नाही, आणि सहा वर्षांत एकदाही फिट आली नाही. माझ्या नोकरीत मला कशाचा अभिमान असेल तर या एका गोष्टीचा होता.

शेऱ्यात मी लिहिलं होतं: ‘शाळेत सैपाक करते. घरी माहीत नाही. गोळी इथंच घेते.’ उद्या नवी सिस्टर बदलीवर आली आणि तिनं भाबडेपणानं घरी निरोप धाडला तर? म्हणून लिहिलं. जपण्यासाठीच लिहिलं होतं, देवाशप्पथ.

दोन वर्षांमागं शहरातल्या एका मेडिकल कॉलेजाकडून एक डॉक्टर आले. तेव्हा मी ‘आले’ म्हणत होते, आता ‘आला’ म्हणते. तिशीतला, लातूरकडचा, बोलणं अगदी आपल्यासारखं. आमच्या डॉक्टरांकडं त्यानं कागद दिले. लहान दवाखान्यांतली रजिस्टरं वाचून जुनाट आजारांचा अभ्यास करायचा, असं त्याचं काम. तो मला म्हणाला, मोठ्या दवाखान्यात माणूस पडल्यावर येतो, पण आजार वर्षानुवर्षं कसा मुरतो ते तुमच्या रजिस्टरातच दिसतं. लोक गोळ्या कामून सोडतात ते त्याला शोधायचं होतं. मला ते पटलं. आजही पटतं, खोटं कशाला बोलू. चांगली धडधाकट माणसं गोळी सोडून बसतात आणि मग एक दिवस लकवा मारून बैलगाडीत आडवी येतात, हे मी कितीदा बघितलंय. कुणीतरी याचा विचार करतंय याचंच मला बरं वाटलं.

तीन दिवस तो होता. दुपारी माझ्याच घरी जेवायचा. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. माझ्या सासूला ‘आई’ म्हणायचा. दुसऱ्या दिवशी शेऱ्याचा रकाना वाचता वाचता तो मोठ्यानं हसायला लागला, मग हसू आवरून म्हणाला, “अक्का, हे सोनं हाय. आकडे कुठंबी भेटतात. कारण कुठंच भेटत न्हाई.”

झालं! मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. वीस वर्षांत माझ्या अक्षराला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, लिहिण्याला तर नाहीच. ‘सिस्टर, फालतू कशाला भरता रकाना’ एवढंच ऐकलेलं. आणि हा शिकलेला माणूस सोनं म्हणायलाय. मी त्याला जुनी रजिस्टरंही कपाटावरून काढून दिली, धूळ पुसून.

तरी मी विचारलं होतं. बाबा, यात लोकांच्या घरच्या गोष्टी हायेत, बाहेर जाणार नाहीत ना? तो म्हणाला, नाव, घर नंबर, फोन, सगळं काढून टाकणार, फक्त एक क्रमांक राहणार. नाव नसल्यामुळं एकेका पेशंटला विचारायचीही गरज नाही, असंही म्हणाला. लॅपटॉपवर एक ओळ मला करून दाखवली. खरंच, नावाच्या जागी नुसता आकडा. माझं समाधान झालं. बघा आता, नावावरून माणूस ओळखता येत नाही म्हणून ज्या बाईनं ही सगळी रीत काढली, त्याच बाईचं नुसती नावं काढल्यावर समाधान झालं. डोकं गहाण ठेवलं होतं का काय मी त्या दिवशी, कुणास ठाऊक.

तो मोबाईलवर एकेक पानाचा फोटो घ्यायचा. रजिस्टर जाडजूड, पान वर उचलायचं, म्हणून मी हातानं दाबून धरत होते. तिचं पान आलं तेव्हा ‘हे राहू द्या’ असं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्याच पानावर आणखी दहा-अकरा जण होते. आणि राहू द्या म्हटलं की तो कामून म्हणून विचारणार. आणि खरं सांगू, त्याच्या तोंडची स्तुती मला तुटू द्यायची नव्हती. नाव तर नसणारच हाय, असं मनाशी म्हटलं आणि पानाचा कोपरा नीट दाबून धरला. शेवटी रजिस्टर सांभाळणारी म्हणून एका कागदावर सही केली. आमच्या डॉक्टरांनीही केली.

वर्षभरानं त्याचा फोन आला. अभ्यास झाला होता, आणि ज्या लोकांकडून माहिती घेतली त्यांना ती परत सांगायची, असा त्याच्या कॉलेजचा नेम होता. पंचायतीच्या हॉलमध्ये सभा ठरली. मी इरकल नेसून गेले. हॉल भरला होता, कारण सभेनंतर उप्पिट होतं, आणि उप्पिट शाळेच्या सैपाकीणबाईंकडं दिलेलं होतं. ती सकाळपासून राबत होती. मला दारात बघून म्हणाली, अक्का, आज तर नवरीवाणी दिसायलीस.

त्यानं मला पुढं बोलावून शाल दिली. टाळ्या झाल्या. मग पडद्यावर एकेक ओळ यायला लागली, कन्नडात, आणि तो ती मराठीतही वाचून दाखवायचा, म्हणजे दोन्ही बोलणाऱ्यांना कळावं. पहिलीच ओळ: पुरुष, वय अमुक, शुगर, बायकोला फिरायला जातो सांगून भजी खायला जातो. हॉलमधून तिघाचौघांनी एकदम त्या माणसाचं नाव घेतलं. तो तिथंच बसला होता. लोक खो खो हसले, त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली, तोही हसला. दुसरी ओळ कडुनिंबाखालच्या घराची. पुन्हा हशा, पण जरा कमी, कारण ती तोंडाळ सासू तिसऱ्या रांगेत होती. मी आमच्या डॉक्टरांकडं बघितलं, ते मोबाईल बघत होते. मी उठावं, वायर ओढून काढावी, असं वाटलं. अंगावर शाल होती आणि मी बसून राहिले.

मग तिची ओळ आली. त्यानं ती वाईट म्हणून आणली नव्हती, हे सांगायलाच पाहिजे. कौतुक म्हणून आणली होती. बाई, वय चौतीस, फिटचा आजार, शाळेत सैपाक करते, घरी माहीत नाही, गोळी दवाखान्यातच घेते. तो म्हणाला, बघा, इतक्या वर्षांत एक दिवस चुकली नाही, पेशंट असावा तर असा. आणि म्हणाला, या अनोळखी बाईसाठी जोरात टाळ्या वाजवा.

त्यानं स्वतः वाजवल्या. दुसऱ्या कुणी वाजवल्या नाहीत. हॉलमधली सगळी डोकी मागं वळली. ती दाराजवळ उप्पिटाच्या पातेल्यापाशी उभी होती, हातात डाव. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. सभा संपल्यावर तिनं तशीच वाढायला सुरुवात केली, पण पहिल्या रांगेतल्या एकानं प्लेट घेतली आणि हळूच खुर्चीखाली सरकवली. त्याच्या मागच्यानं घेतलीच नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ मी भर सभेत उघडून दिली होती. दुसऱ्या दिवशी पोरं घरून डबे घेऊन शाळेत आली. हेडमास्तर भला माणूस, पण पालक दारात येऊन बसले. उकळतं सांबार, पेटलेला गॅस, आणि बाईला फेफरं. उद्या पोरांच्या अंगावर पातेलं पडलं तर कोण जबाबदार? मी जाऊन सांगितलं, सहा वर्षांत फिट आलेली नाही, गोळी चालू हाय तोवर काही धोका नाही. आमचे डॉक्टर चिठ्ठी देतील म्हटलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. वरून लेखी आल्याशिवाय देता येत नाही म्हणाले. रजिस्टर द्यायला वरून लेखी आलं होतं, चिठ्ठीला मात्र आलं नाही. आठवड्याच्या आत तिचं काम गेलं. आता ती कुरकुरणारी म्हातारी सैपाक करते आणि पोरं अर्धं अन्न टाकून देतात.

नवऱ्याला हे घरी कळलं नाही, स्टँडवर कळलं, टेम्पोत माल भरताना. तो सरळ दवाखान्यात आला. मला वाटलं, आरडाओरडा करेल, मीही तयारीत होते. तो ओरडला नाही. बाकड्यावर बसला आणि मला किती वर्षांपासून ठाऊक हाय ते विचारलं. मी सहा म्हटलं. तो म्हणाला, “रोज तिच्या हातचं खाल्लं, बाई. मला सोडून गावाला ठाव झालं.” चार दिवसांनी तिला माहेरी धाडलं. पोरी सासूजवळ राहिल्या.

तिला धाडलं त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्या डॉक्टराला फोन लावला. तोंडात येईल ते बोलले. म्हटलं, माझ्या घरची भाकरी खाऊन केसानं गळा कापलास तू. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो खरोखरच गोंधळल्यासारखा म्हणाला, “पण अक्का, नाव तर कुठंच नव्हतं.” त्याला कळतच नव्हतं. एवढा शिकलेला, आपल्याच बोलीत बोलणारा, गावात तीन दिवस राहिलेला, आणि त्याला हे कळत नव्हतं की आमच्यात नाव हीच सगळ्यात कमी ओळख हाय. ती ओळ काढून टाकतो म्हणाला. कुठून काढतोस, म्हटलं, गावाच्या डोक्यातून? तेव्हा आवाज न चढवता तो बोलला, “पानं तुम्हीच धरलीत, अक्का. सही बी तुमचीच हाय.”

मी फोन ठेवला. माणूस खोटं बोलला असता तर मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या आणि सुखानं झोपले असते. त्याच्यावर राग हाय, तो जाणार नाही. पण कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, त्यातलं कुंपण कोण, हे मला त्या दुपारी लख्ख कळलं.

सभेनंतर ती दवाखान्यात आलीच नव्हती, आणि दुसरीकडून गोळ्या घेते का नाही याची काळजी मला खात होती. एकाएकी बंद केल्या की फिट जोरात येते. महिन्याचं पाकीट पिशवीत घालून रविवारी मी हळ्ळीखेडच्या बसमध्ये बसले, तिथून पुढं तिच्या माहेरी चालत गेले. तिच्या आईनं मला ओळखलं, पाणी दिलं, आणि आत निघून गेली. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. बारीक झाली होती. मी तिच्याजवळ बसले, शेंगा घेतल्या, फोडायला लागले. पोरी बऱ्या हायेत म्हणून सांगितलं. धाकटीला ताप आला होता, उतरला, तेही सांगितलं. ती ऐकत होती.

मग मी पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं. गोळी चालू हाय का, विचारलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. सभेच्या दिवसापासून घेतलेली नव्हती. मी विनवलं, रागावले, चुलीशी असताना, विहिरीवर असताना फिट आली तर काय होईल ते सांगितलं. पोरींची शपथ घातली. माझं चुकलं म्हटलं, पायाला हात लावते म्हटलं, आणि लावायला वाकलेही. तिनं पाय मागं घेतले. आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

“सहा वर्सं तुझ्यापुढं बसून गोळी गिळली मी,” ती म्हणाली. “मला वाटायचं, अक्का माझ्याकडं बघायलीय. तू लिहायली व्हतीस.”

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. मला भांडता आलं असतं, की बघतही होते आणि लिहीतही होते, दोन्ही खरं हाय. बसची वेळ झाली तसं तिनं ते पाकीट उचललं, माझ्या पिशवीत घातलं आणि पिशवीचा बंद नीट बांधून दिला. गोळ्या मी तशाच परत आणल्या.